एका प्रवाशासाठी अख्ख्या विमानाने शेंगदाणे सोडावेत का?

धागा काढणारी आई:
माझ्या मुलीला शेंगदाणा आणि काजूची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. तिकीट काढताना कळवते, चेक-इनला सांगते, विमानाच्या दारात पुन्हा सांगते. जाताना क्रू घोषणा करतात, पाकिटं वाटतच नाहीत. येताना त्याच कंपनीच्या विमानात ऐकायला मिळतं, "असा काही नियम नाही." जिवाचा प्रश्न त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे यावर अवलंबून असावा का? आधी कळवलेलं असेल, तर कंपनीने त्या फ्लाइटवर शेंगदाणे-सुकामेवा वाटू किंवा विकू नये, एवढंच माझं मागणं आहे. साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीने 2018 मध्ये सगळ्याच फ्लाइट्सवर शेंगदाणे देणं बंद केलं. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

नेहमीचा प्रवासी:
सहानुभूती आहे, पण पटत नाही. आज शेंगदाणा, उद्या तीळ, परवा दूध आणि अंडं. 2016 मध्ये लंडनहून फ्रान्समधल्या नीसला जाणारी एक किशोरवयीन मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचमधल्या तिळामुळे दगावली. विमानातल्या शेंगदाणाबंदीने तिला वाचवलं असतं का? ब्रिटनने त्यानंतर काय केलं, तर 2021 पासून दुकानातच बनवून पॅक केलेल्या पदार्थांवर सगळे घटक छापणं सक्तीचं केलं. उपाय असा नेमका हवा. शिवाय मला मधुमेह आहे, लांबच्या प्रवासात बदाम जवळ ठेवावे लागतात.

केबिन क्रूमध्ये काम करणारी:
आम्ही विनंती करतो, कुणाच्या बॅगा तपासत नाही. घोषणा झाली की घरचे निर्धास्त होतात, याचीच मला जास्त काळजी वाटते. आणि वासाने किंवा एसीतून अ‍ॅलर्जी पसरते ही भीती आता सोडायला हवी. केबिनमध्ये हवा वरून खाली, त्या-त्या ओळीतच आडवी फिरते, दर तीन-चार मिनिटांनी बदलते, फेरवापराची हवा अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून जाते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने करून घेतलेला आढावा 2024 मध्ये आला, त्यातही एसीच्या हवेतून शेंगदाणा-सुकामेव्याचे कण पसरल्याचा पुरावा मिळाला नाही. खरा धोका सीटवर चिकटलेल्या कणांचा.

धागा काढणारी आई:
हवेचं मी कुठे म्हटलं? मला भीती हातांचीच आहे. ट्रे टेबल, त्याची खिटी, पट्ट्याचं बक्कल, हातटेकू, स्क्रीन. सीटच्या खिशात हात घातला की बोटांना शेंगदाण्याची फोलपटं लागतात, आणि मूल तेच बोट तोंडात घालतं. सॅनिटायझर चोळून हे प्रोटीन जात नाही, ओल्या वाइपने नीट पुसावं लागतं. त्यासाठी सगळ्यांच्या आधी चढू द्या म्हटलं, तर रांग अडते म्हणून नकार! अमेरिकेत 2019 मध्ये परिवहन खात्याने हा नकार म्हणजे अपंग प्रवाशांच्या हक्कांचा भंग ठरवला. विमान कंपन्यांना हे नियमात लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आपत्कालीन विभागातली डॉक्टर:
तुम्ही सगळे पाकिटावर भांडताय, मी पेटीबद्दल बोलते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जी जिवावर बेतते तेव्हा, अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच द्यायचं असतं. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकी नियमांनुसार विमानातल्या वैद्यकीय पेटीत अ‍ॅड्रेनालीन असतं, पण ते अ‍ॅम्प्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, असलं तरी चालतं. हलत्या विमानात, अपुऱ्या उजेडात अ‍ॅम्प्यूल फोडून लहान मुलाचा डोस भरणं मला रोजच्या सवयीनंतरही अवघड जाईल, क्रूचं काय सांगावं? प्रत्येक विमानात तयार पेन, म्हणजे डोस आधीच भरलेलं इंजेक्शन, हवंच. तोवर आपली दोन पेनं घेऊन चढा, कारण पाच मिनिटांनीही सुधारणा नसेल तर दुसरा डोस लागतो. ती सीटखालच्या पिशवीत ठेवा, वरच्या कप्प्यात नको.

नेहमीचा प्रवासी:
आधी चढू देणं, तयार पेन, दोन्ही मान्य. यासाठी तिकिटाचे चार पैसे जास्त पडले तरी देईन. पण माझे बदाम कुणी काढून घेऊ नयेत.

धागा काढणारी आई:
तुमचे बदाम तुमच्याजवळच राहू द्या, फक्त खाल्ल्यावर हात पुसा. मी कंपनीच्या ट्रॉलीबद्दल बोलतेय. ज्या सीटवर अ‍ॅलर्जी असलेला प्रवासी आहे असं कंपनीने स्वतः नोंदवून घेतलंय, त्याच ओळीत खारे शेंगदाणे वाटणं मला मान्य नाही, आणि त्यावर मी मागे हटणार नाही.