'एक पेशी तरी बनवून दाखवा' या आव्हानाच्या निमित्ताने

तर्कटराव

गेल्या आठवड्यात येथे आलेल्या 'जीवसृष्टीचे सनातन उत्तर' या लेखाखाली दोन ओळी खरडून भागणार नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा. लेखकाचा युक्तिवाद असा: मिलर यांच्या प्रयोगाला सत्तर वर्षे उलटली तरी कोणत्याही प्रयोगशाळेत जिवंत पेशी तयार झालेली नाही, तेव्हा निर्जीवातून जीव उपजला असे मानणे हीसुद्धा श्रद्धाच, आणि दोन श्रद्धांतून निवड करायची, तर मत्स्य, कूर्म, वराह असा उत्क्रांतीचा क्रम आधीच सांगून ठेवणारी आपली श्रद्धा का निवडू नये?

पेशी तयार झालेली नाही, हे खरे आहे. परंतु 1953 पासून काहीच घडले नाही असे सुचवणे हा अप्रामाणिकपणा आहे. मिलर आणि यूरी यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवली. आदिम वातावरण तसे नव्हते, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक असावा, हा आक्षेप पुढे घेतला तो शास्त्रज्ञांनीच, कोणा प्रवचनकाराने नव्हे. 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे आकाशातून पडलेल्या अशनीत, म्हणजे उल्कापाषाणात, अमिनो आम्ले सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 साली पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यांत, सजीवांची प्रथिने ज्या 20 अमिनो आम्लांपासून बनतात त्यांपैकी 14 मिळाली. मँचेस्टरमध्ये सदरलंड यांच्या गटाने 2009 साली आरएनए या, डीएनएसारख्याच माहिती वाहणाऱ्या रेणूचे दोन घटक साध्या रेणूंपासून कसे बनू शकतात ते दाखवले. पेशीत प्रथिने जोडण्याचे मूळ काम आरएनएच करतो, हे रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या पेशीतील यंत्रणेच्या ज्या रचनेवरून कळले, तिच्यासाठीच त्याच वर्षी वेंकटरामन रामकृष्णन यांना इतर दोघांसह नोबेल मिळाले. वाट अपुरी आहे. पण ती कोठे अपुरी आहे हे नेमके सांगता येते.

दशावतारांचे म्हणाल, तर जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या खुणा सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत आणि मासे अवतरले ते सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी. मत्स्यापासून कथा सुरू करणारा मधली 300 कोटी वर्षे, म्हणजे ज्या उगमाबद्दल आपण बोलत आहोत तो भागच, गाळतो. शिवाय ही सांगड घातली गेली ती डार्विनचा ग्रंथ 1859 साली आल्यानंतर; थिऑसॉफी या अध्यात्मवादी चळवळीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी ती 1877 साली मांडली. त्याआधीच्या एकाही टीकाकाराला वराहात सस्तन प्राणी दिसला नव्हता.

अनाहत

आपण एका सामान्य लेखाला झोडपून संपूर्ण परंपरेला उत्तर दिल्याच्या थाटात बसला आहात. बेन्नूचा 14 चा आकडा तोंडपाठ आहे, पण त्याच नमुन्यांत डाव्या आणि उजव्या वळणाची, म्हणजे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असावीत अशी, अमिनो आम्ले जवळपास सारख्याच प्रमाणात होती, हे मात्र आपण सोयीस्करपणे गाळलेत. सजीवांची प्रथिने केवळ डाव्या वळणाच्या आम्लांनी बनतात. ही निवड कोणी केली, याचे उत्तर आपल्या वाटेवर कोठे आहे? आणि निर्जीवातून जीव निर्माण होत नाही, हे पाश्चर यांनी 1860 च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या नळीचे चंबू वापरून सिद्ध केले होते. तेव्हा ते विज्ञान होते, आज ते गैरसोयीचे झाले.

माझे वडील महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत आणि चातुर्मासात कीर्तन करत. त्यांना या दोहोंत कधी भांडण दिसले नाही. 'को अद्धा वेद', खरोखर कोण जाणतो, असे सृष्टीच्या उगमाबद्दल विचारणाऱ्या ऋग्वेदातील नासदीय सूक्ताची नम्रता आपल्या एका तरी परिच्छेदात दिसते का?

फळा-खडू

मी मराठवाड्यात दहावीला विज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. अनाहत यांनी पाश्चर यांचे नाव घेतले म्हणून विचारते: ऐतरेय उपनिषदात अंडज (अंड्यातून), जारुज (गर्भातून), उद्भिज्ज (जमीन फोडून येणारे) यांच्याबरोबर स्वेदज जीवही सांगितले आहेत, म्हणजे घामातून, उबेतून आपोआप उपजणारे. पाश्चर यांनी खोटे पाडले ते हेच. त्यांचा प्रयोग आपल्या बाजूने उभा करायचा असेल, तर उपनिषदातील एक चतुर्थांश वर्गीकरण आधी खाली ठेवावे लागेल. आजच्या परिस्थितीत काही दिवसांत उकळलेल्या पोषक द्रवातून जंतू उपजत नाहीत, एवढेच त्या प्रयोगाने दाखवले; प्राणवायू नसलेल्या समुद्रात कोट्यवधी वर्षांत काय घडू शकते, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

नासदीय सूक्ताबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. वाद जिंकत असलो की दशावतार, हरू लागलो की नासदीय, हा क्रम मी शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षे पाहिला. जानेवारी 2018 मध्ये केंद्रातील राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी जाहीर निषेध केला. परंतु आमच्या शाळेत त्याच महिन्यात दोन पालक वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले आणि मुख्याध्यापकांनी मला 'तो धडा जरा वरवर घ्या' असे सुचवले. मी तो सविस्तर घेतला. पुढे 2023 साली एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तक-संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गेला आणि 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांना पत्र लिहावे लागले. नम्रता कोणी दाखवायची आहे, ते मला नीट कळलेले नाही.

अवकाशवेडा

दोन्ही पक्षांनी जीव पृथ्वीवरच उपजला असे गृहीत धरले आहे, याचे आश्चर्य वाटते. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांनी इतकी वर्षे काय सांगितले? जीव अवकाशातून आला असावा, हेच ना? हैदराबादहून 2001 आणि 2005 साली फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली, तीत जंतू सापडले. 2009 साली तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या: एकीला हाच विचार मांडणारे खगोलशास्त्रज्ञ हॉइल, एकीला इस्रो आणि एकीला आर्यभट यांचे नाव दिले गेले. त्या अतिनील किरणांना सहजासहजी दाद देत नव्हत्या.

तर्कटराव

जीव आकाशातून आला असे म्हटल्याने 'कोठे' बदलते, 'कसा' तसाच राहतो. इस्रोच्या निवेदनातही या अभ्यासातून जंतूंचे परग्रहीय मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. पृथ्वीवरचे जंतू वर पोहोचले, ही शक्यता आधी बाद करावी लागते.

अवकाशवेडा

41 किलोमीटरवर ते वर कसे पोहोचले, ते आपण सांगावे. एवढ्या उंचीवर धूळ चढवणारे वारे आपल्या बागेत असतील.

अनाहत

ही गंमत पाहा. ऋषींनी आकाशाकडे बोट दाखवले की भाकडकथा, आणि नारळीकरांनी दाखवले की गृहीतक.

तर्कटराव

फरक आहे आणि तो फुग्यातच आहे. नारळीकरांनी फुगा पाठवला, काटेकोर निर्जंतुक केलेल्या नळ्या पाठवल्या, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत नमुने तपासले आणि निष्कर्ष तोकडा निघाला तेव्हा तो तोकडाच जाहीर झाला. याच नारळीकरांनी 2008 साली ज्योतिषांना मुलांच्या पत्रिका देऊन हुशार आणि मतिमंद मुले ओळखायला सांगितले होते. उत्तरे नाणेफेकीपेक्षा बरी निघाली नाहीत. ते आपल्या बाजूचे साक्षीदार नाहीत.

अवकाशवेडा

पत्रिकांचा येथे काय संबंध? ज्वालामुखीची राख, वादळे, जे काही सुचवायचे ते आकड्यांसह सुचवा. प्रस्थापितांनी हॉइल यांचीही अशीच टर उडवली होती.

फळा-खडू

फुग्यावर वेगळा धागा काढावा, ही विनंती. अनाहत यांच्या डाव्या-उजव्याच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलेले नाही आणि तो चांगला प्रश्न आहे. मर्चिसनच्या अशनीत काही आम्लांत डाव्यांचे किंचित आधिक्य आढळले होते, बेन्नूत ते दिसत नाही; म्हणजे अवकाशातून तयार झुकाव मिळाला, हे उत्तर कमकुवत झाले. हे शास्त्रज्ञांनीच लिहिले आहे.

अनाहत

चला, एका प्रश्नाला तरी 'चांगला' हे प्रशस्तिपत्र मिळाले, आभारी आहे. बदल्यात स्वेदज मी आपल्याला देऊन टाकतो. ॲरिस्टॉटलही तेच मानत होता, तेव्हा आमचे पूर्वज एकटे चुकले नाहीत, एवढी नोंद असावी. दशावतारांना जीवशास्त्राचे पुस्तक म्हणू नये, हेही वडील म्हणतच असत, कारण त्याने अवतारांचे महत्त्व कमी होते. पण निवड कोणी केली, हा प्रश्न मी मागे घेतलेला नाही.

तर्कटराव

मागे घेऊ नका. फक्त 'कोणी' च्या जागी 'कशाने' ठेवून पाहा, मग प्रयोग आखता येतो.

अवकाशवेडा

नवा धागा काढला आहे. वाऱ्याचे आकडे घेऊन तेथे यावे.