मदत हवी आहे: लिबहेरमध्ये काम केलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझा भाचा चंद्रपूरकडे कोळसा खाणीत एक्स्कॅव्हेटरच्या देखभालीला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, 6 वर्षांचा अनुभव. घरी येतो तेव्हा नखांत ऑइल तसंच असतं, पण बोलतो मात्र पंप-सिलिंडरबद्दलच! आता त्याच्या मनात लिबहेर भरली आहे. हान्स लिबहेर यांनी 1949 मध्ये जर्मनीत सुरू केलेली ही कंपनी आजही त्या कुटुंबाच्याच मालकीची आहे. खाणीतले त्यांचे अजस्र एक्स्कॅव्हेटर मात्र फ्रान्समध्ये, कोल्मारला बनतात. आर 9800 तर तब्बल 800 टनांचा.

मग त्याने जर्मन शिकावी की फ्रेंच? डिप्लोमावाल्याला तिथे सर्व्हिसमध्ये घेतात का? पोरगा मनापासून मेहनती आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.