परीक्षा घेणार कोण?

इंग्रजी ‘टेक’ (take) या क्रियापदाबद्दल ‘टेक म्हणजे घेणे, एवढं धरलं की भागतं’ असं कोणीतरी लिहिलेलं वाचलं, पण अर्धंच पटलं. डिसिजन, ब्रेक, रिस्क इथवर ठीक. गाडी अडते परीक्षेपाशी. आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतात, पोरं देतात; इंग्रजीत एक्झाम ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. नागपुरात सीताबर्डीच्या क्लासमध्ये मी ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटलं (भारतात सर्रास चालतं म्हणा), तर सर म्हणाले, “काबे, पेपर तू काढला होता का?”

आणि मागे ‘आफ्टर’ लागलं की घेणं पार गायब. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणजे पोरगी आईवर गेली. आता हे ‘वर जाणं’ कोणी शब्दशः इंग्रजीत नेऊन पाहा!