पेनल्टीचा गोल रद्द करून समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक: लेखी तक्रार टिकेल का?

पेठकरी_९ यांचा प्रश्न

कोल्हापुरातल्याच दोन कॉलेजांची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल फायनल होती. कॉलेजांची नावं मुद्दाम लिहीत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपांवर आधीच वातावरण तापलंय, आणि दोन्ही संघांत आपल्याच पेठांतली, तालमींतली पोरं आहेत. आमचं कॉलेज २-१ नं हरलं. गॅलरीचा राग तीन निर्णयांवर आहे.

३४व्या मिनिटाला त्यांचा पहिला गोल झाला. गॅलरीतून काढलेल्या व्हिडिओत त्यांचा फॉरवर्ड सरळ ऑफसाइड (पास निघतानाच शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढे) दिसतो, पण लाईनमनचा झेंडा वर गेला नाही. ७१व्या मिनिटाला चेंडू त्यांच्या एका खेळाडूच्या हाताला लागून दुसऱ्याकडे गेला आणि त्यानं गोल मारला. तोही दिला. ८८व्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली, गोल झाला, पण किक बसायच्या आधी आमचा विंगर डीत (पेनल्टी क्षेत्रात) शिरला म्हणून रेफ्रींनी गोल रद्द केला आणि त्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत ती) दिली.

लेखी तक्रार करायची तर यातल्या कशावर करावी? व्हिडिओ पुरावा म्हणून चालतो का? काही पोरं म्हणतात पुढच्या मॅचला संघच मैदानाबाहेर काढायचा. त्याबद्दलही सांगा.

बाराव्या_नंबरचा

भावा, कशावरच करू नको. रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो. फी भरायची आणि कागद फाईलला लागायचा, एवढंच होतं.

शिट्टी_आणि_झेंडा

वरचं उत्तर अर्धं बरोबर आहे. फुटबॉलच्या नियमपुस्तकात नियम ५ मध्ये अंतिम म्हटलंय ते खेळातल्या घटनांबद्दलच्या निर्णयाला. गोल झाला की नाही, फाऊल होता की नाही, खेळाडू ऑफसाइड होता की नाही, हे रेफ्रीनं जे पाहिलं ते. ते चुकीचं दिसलं असलं तरी निकाल त्यावरून फिरत नाही. पण रेफ्रीनं जे पाहिलं त्याला नियमच चुकीचा लावला, तर ती वेगळी गोष्ट. जगभरात तक्रारी टिकल्या आहेत त्या या दुसऱ्या प्रकारच्या. तुमच्या तिन्ही घटना या चाळणीतून काढा.

ऑफसाइड ही पाहण्यातली बाब, त्यामुळे तिच्यावर तक्रार नाही.

हाताला लागलेल्या चेंडूवर गॅलरी चुकली आहे, असं मला स्पष्ट वाटतं. हात अंगाशी होता आणि चेंडू येऊन लागला असेल, तर २०२१ पासून नियम असा आहे: ज्याच्या हाताला चुकून चेंडू लागला त्यानं स्वतः थेट किंवा लगेच गोल केला तर गोल रद्द, चेंडू सहकाऱ्याकडे गेला आणि सहकाऱ्यानं गोल केला तर गोल कायम. त्याआधी दोन हंगाम नियम कडक होता, लोकांच्या डोक्यात अजून तोच बसलाय. हात मुद्दाम नेला होता किंवा अंग अनैसर्गिकपणे मोठं केलं होतं, तर मात्र हँडबॉल. पण तेही ठरवणार रेफ्रीच.

पेनल्टीचं मात्र बघण्यासारखं आहे. किक मारणाऱ्याचा सहकारी आधी आत शिरला तर नियम १४ काय म्हणतो? २०२४-२५ च्या आवृत्तीपासून नुसतं शिरणं पुरत नाही. त्या शिरण्याचा गोलकीपरवर स्पष्ट परिणाम झाला पाहिजे, किंवा परत आलेला चेंडू त्याच खेळाडूनं खेळून संधी साधली पाहिजे. परिणाम झाला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा. परिणाम झाला आणि गोल झाला नाही, तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. काहीच परिणाम नसेल आणि गोल झाला, तर गोल. म्हणजे सहकारी आत शिरला आणि गोलही झाला, अशा वेळी इनडायरेक्ट फ्री किक कोणत्याच रकान्यात बसत नाही. जुन्या नियमातही बसत नव्हती. तेव्हाही पेनल्टी पुन्हा मारायला द्यायचे.

म्हणून आधी एकच गोष्ट पक्की करा: रेफ्रींनी फ्री किक नक्की कशासाठी दिली? गोल होऊनही इनडायरेक्ट फ्री किक देण्याची खरी कारणं आहेत. मारणाऱ्यानं धाव पूर्ण झाल्यावर पाय थांबवून फसवलं, चेंडू मागे मारला, किंवा ज्याचं नाव रेफ्रीला सांगितलं होतं तो सोडून दुसऱ्यानंच किक मारली. पहिल्या आणि तिसऱ्या कारणात पिवळं कार्डही निघतं. मारणाऱ्याला कार्ड दाखवलं असेल, तर विंगरचा संबंध नसेलही आणि निर्णय बरोबर असेल.

पेठकरी_९

कार्ड कुणालाच नाही. कॅप्टननं विचारलं तेव्हा रेफ्रींनी आमच्या विंगरकडे आणि डीच्या रेषेकडे बोट दाखवलं. व्हिडिओत ते दिसतंय. किक आमच्या ठरलेल्या पोरानंच मारली, धावेत थांबला नाही.

शिट्टी_आणि_झेंडा

मग तुमचा मुद्दा नियमाचा आहे. फक्त तेवढाच मांडा.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्रीला स्वतःचा निर्णय बदलता येतो. सुरू झाला की स्वतःला चूक कळली तरी बदलता येत नाही. म्हणजे गोल रद्द झाल्यापासून ती फ्री किक मारेपर्यंतचं अर्धं-पाऊण मिनिटच खरं कामाचं होतं. त्या वेळात कॅप्टननं एकट्यानं जाऊन दोन वाक्यं बोलायची: “सर, फ्री किक कशासाठी? गोल झालाय, मग पेनल्टी पुन्हा नको का?” आणि लाईनमनना विचारून घ्या अशी विनंती करायची. प्रत्यक्षात होतं काय, आठ-दहा पोरं गराडा घालतात, बाकावरचे आत येतात, गॅलरीतून बाटल्या येतात. मग रेफ्रीचं सगळं लक्ष गर्दी पांगवण्यात आणि खेळ लवकर सुरू करण्यात जातं आणि चूक सुधारायची संधी आपणच घालवतो. आता तर नियमपुस्तकातही ‘फक्त कॅप्टननं बोलावं’ ही पद्धत आली आहे.

फ्रेमवाला

व्हिडिओबद्दल सांगतो. कारण ऑफसाइडची ती क्लिप मीही पाहिली आणि तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

क्लिप मध्यरेषेजवळच्या गॅलरीतून, तिरकी घेतली आहे. फॉरवर्ड कॅमेऱ्याच्या बाजूला आहे आणि शेवटून दुसरा डिफेंडर पलीकडच्या बाजूला. अशा कोनात दोघं अगदी एका रेषेत असले तरी जवळचा माणूस गोलच्या दिशेनं पुढे गेलेला दिसतो. फॉरवर्ड पलीकडे असता तर उलट झालं असतं, खरा ऑफसाइडही ऑनसाइड दिसला असता. तपासायचं तर चित्रात डीची रेषा शोधा (गोलरेषेपासून १६.५ मीटर) आणि दोघांचं अंतर त्या रेषेपासून मोजा, एकमेकांपासून नको. खांदा किंवा डोकं पुढे असेल तर त्याखालचा जमिनीवरचा बिंदू धरा. हात मोजायचे नाहीत, काखेच्या खालच्या टोकापासून खालचा भाग हात समजतात. आणि डिफेंडरच्या बरोबरीत असणं म्हणजे ऑफसाइड नव्हे.

दुसरी अडचण फ्रेमची. ऑफसाइड ठरतो तो पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. फॉरवर्ड सेकंदाला ७ मीटरनं आत धावतोय आणि डिफेंडर ५ मीटरनं बाहेर येतोय असं धरलं, तर दोघांमधलं अंतर एका फ्रेममध्ये ४० सेंटीमीटरनं बदलतं. एक फ्रेम पुढची थांबवली की ‘स्पष्ट ऑफसाइड’ तयार. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या क्लिपमध्ये चित्र आणखी दाबलं जातं, चेंडू नुसता धुरकट पट्टा दिसतो. १२० फ्रेमवर घेतलं तर हाच फरक १० सेंटीमीटरवर येतो.

लाईनमन त्या वेळी डिफेंडरच्या रेषेत होता की नाही, हे मात्र क्लिपमध्ये बघा. तो दोन-तीन मीटर मागे राहिला असेल तर त्याचाही कोन चुकतो. ती टीका रास्त आहे, फक्त तिच्यावर निकाल बदलत नाही.

पेनल्टीची क्लिप जपा. ज्याच्या फोनवर घेतली त्याच्याकडून मूळ फाईल घ्या, केबलनं किंवा ड्राइव्हवरून. गाणं, बाण, लाल गोल काही टाकू नका. किकच्या आधीपासून फ्री किक मारेपर्यंत सलग हवी, कारण तुम्हाला दाखवायचंय ते विंगरचं पाऊल नाही, खेळ पुन्हा कसा सुरू केला ते.

जुनी_कात्रणं

तुमच्यासारख्या दोन घटना जगात गाजलेल्या आहेत. दोन्ही तक्रारीसोबत जोडाव्यात अशा.

३ सप्टेंबर २००५, ताश्कंद, विश्वचषक पात्रता फेरी, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकिस्तान १-० नं पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, पण सहकारी आधी आत शिरला म्हणून रेफ्रींनी गोल रद्द करून बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. अगदी तुमचीच गोष्ट. उझबेकिस्ताननं सामना ३-० असा आपल्या नावावर करण्याची मागणी केली. फिफानं तांत्रिक चूक मान्य केली, पण पूर्ण सामना पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला, दुसरा सामना ०-० झाला आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहारीन पुढे गेलं. जिंकलेला सामना तक्रार करून हातचा गेला.

दुसरी ४ एप्रिल २०१५ ची, १९ वर्षांखालील मुलींच्या युरोपीय पात्रता सामन्यातली. नॉर्वे २-१ नं पुढे, अगदी शेवटी इंग्लंडला पेनल्टी, लिआ विल्यमसननं गोल केला, आणि पुन्हा तीच चूक. युएफानं (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) इथं सामना पेनल्टीच्या क्षणापासून पुढे खेळवायचा आदेश दिला. ९ एप्रिलला बेलफास्टमध्ये दोन्ही संघ आले, विल्यमसननं पुन्हा गोल केला, २-२.

म्हणजे चूक मान्य झाली तरी काय द्यायचं ते समिती ठरवते. तुम्ही हरलेले आहात, चूक ८८व्या मिनिटाची आहे, तेव्हा बेलफास्टसारखी मागणी जास्त रास्त. ‘गोल धरा आणि आम्हाला संयुक्त विजेते करा’ असं लिहू नका. पेनल्टी पुन्हा मारायची वेळ आली तर ती चुकूही शकते, हे समितीलाही कळतं.

कॉलेजच्या सामन्यांचा विषय आहे म्हणून अमेरिकेतलं सांगतो, खेळ त्यांचा वेगळा, अमेरिकन फुटबॉल. तिथं दहा यार्ड पुढे जायला चार डाव मिळतात. १६ नोव्हेंबर १९४० ला कॉर्नेलला चुकून पाचवा डाव मिळाला आणि त्यावर ते डार्टमथविरुद्ध ७-३ जिंकले. नंतर फिल्म पाहून कॉर्नेलनं स्वतःहून विजय सोडला, निकाल डार्टमथ ३-० असा नोंदला गेला. ६ ऑक्टोबर १९९० ला कोलोरॅडोनं मिझुरीला अशाच पाचव्या डावावर ३३-३१ हरवलं. पंच निलंबित झाले, निकाल मात्र तसाच राहिला. समोरच्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांशी आपल्या सरांनी एकदा बोलून बघावं, असं मला मनापासून वाटतं. दोघांनी मिळून उरलेला वेळ खेळायची तयारी दाखवली, तर समितीचं काम सोपं होईल.

गॅलरी_पूर्व

संघ बाहेर काढायच्या गोष्टीवर. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) बाद फेरी, बेंगळुरू विरुद्ध केरळा ब्लास्टर्स. जादा वेळेत बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं बचावपटूंची भिंत लागायच्या आत फ्री किक मारून गोल केला. केरळा ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकानं संघ मैदानाबाहेर नेला. सामना बेंगळुरूला दिला गेला, तक्रार फेटाळली, क्लबला ४ कोटींचा दंड, प्रशिक्षकाला १० सामन्यांची बंदी आणि ५ लाख दंड. नियमानं झटपट फ्री किक मारता येते. आक्रमण करणाऱ्यांनी अंतर मागितलं किंवा रेफ्रीनं शिट्टीची खूण केली तरच थांबायचं. आयएसएलच्या क्लबला जे झेपलं नाही ते कॉलेजच्या पोरांना झेपणार नाही. मैदान सोडलं की हातात असलेला बरोबर मुद्दाही जातो.

आणि रेफ्रीचा फोन नंबर, घराचा पत्ता ग्रुपवर टाकणं आजच थांबवा. तो याच गावात राहतो, पुढच्या हंगामात आपल्याच सामन्याला शिट्टी घेऊन उभा असणार. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचं आपण सगळ्यांनी पाहिलंय. नुकसान सगळ्यात जास्त पोरांचं होतं, त्यांचा हंगाम बुडतो.

पेठकरी_९

नंबर काढायला ॲडमिनला सांगितलंय. तक्रारीचा मजकूर कसा असावा?

शिट्टी_आणि_झेंडा

आधी स्पर्धेचं नियमपत्रक काढा. मुदत किती, फी किती, सही कुणाची चालते, हे त्यात असतं. मुदत बहुतेक ठिकाणी फार कमी असते, तेव्हा आजच. खेळाडूनं किंवा समर्थकानं दिलेला कागद घेत नाहीत. संघ व्यवस्थापक किंवा क्रीडा संचालकांच्या सहीनं, कॉलेजच्या लेटरहेडवर द्या. ‘पक्षपात’, ‘सेटिंग’ हे शब्द एकदाही नकोत. ते लिहिलं की समिती रेफ्रीच्या हेतूवर बोलू लागते आणि नियम बाजूला पडतो. ऑफसाइड आणि हँडबॉलचा उल्लेखही नको.

मजकूर असा:

“सामन्याच्या ८८व्या मिनिटाला आमच्या संघास पेनल्टी किक देण्यात आली व तीवर गोल झाला. किकपूर्वी आमचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात आल्याच्या कारणावरून मुख्य पंचांनी गोल रद्द करून प्रतिस्पर्धी संघास इनडायरेक्ट फ्री किक दिली. आमचा खेळाडू आत आला होता किंवा नाही, तसेच त्याचा गोलरक्षकावर परिणाम झाला किंवा नाही, याबाबत पंचांच्या निरीक्षणाला आमची हरकत नाही. हरकत खेळ पुन्हा सुरू करण्याच्या पद्धतीस आहे. नियम १४ नुसार अशा प्रसंगी गोल झाला असल्यास गोल कायम करणे किंवा पेनल्टी किक पुन्हा घेणे, एवढेच पर्याय आहेत. मुख्य पंचांचा सामना अहवाल मागवून घ्यावा व सामना सदर पेनल्टी किकपासून पुढे खेळवावा, ही विनंती.”

सोबत मूळ व्हिडिओ पेन ड्राइव्हवर, नियम १४ च्या पानाची प्रत आणि फीची पावती. दोन प्रती न्या, एकीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्या.