पत्र्याची फटफट बोट : चार वेळा वाजते आणि गप्प बसते

जुनापत्रा

जत्रेत मिळायची ती पत्र्याची बोट. आत मेणबत्तीचा तुकडा किंवा तेलाची वात सरकवायची, मागे पाण्यात दोन नळ्या, आणि परातीत फटफट आवाज करत गोल फिरायची. तशी एक जुनी बोट चालू करायची आहे. बॉयलर चपटा, वरचा पत्रा पातळ (दाबला की टिकटिक वाजतो), नळ्या शाबूत, बुडाला थोडा गंज. मेणबत्ती लावल्यावर चार-पाच वेळा वाजते आणि बंद पडते. ज्योत मोठी केली तर मागून बुडबुडे येतात, पण बोट हलत नाही.

१. नेमकं काय बिघडलं असेल?
२. तेल कोणतं वापरावं?
३. रंग उडालाय, पुन्हा रंगवावी का?
४. हीच वस्तू घरी बनवता येते का? आवाजासकट हवी.

खटपट्या

बुडबुडे येतात म्हणजे आत पाण्याऐवजी हवा आहे. या बोटीच्या दहा तक्रारींतल्या आठ इथेच संपतात.

नुसती पाण्यात बुडवून ही बोट भरत नाही. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. तिच्या तोंडाला सायकलच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी दोन इंच लावा, ती बोटीच्या नळीवर घट्ट बसते. बोट नाक खाली, नळ्यांची तोंडं वर अशी उभी धरा. एका नळीतून हळूहळू पाणी सोडा. दुसरीतून आधी बुडबुडे, मग थेंब आणि शेवटी सलग धार आली पाहिजे. मधेच बोट दोन-तीनदा टिचकी मारून हलवा, कारण चपट्या बॉयलरच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. मग दोन्ही तोंडांवर बोट दाबून धरा, तसंच पाण्यात ठेवा आणि पाण्याखाली गेल्यावरच बोट काढा. (मराठीत हे वाक्य लिहिताना कोणतं बोट कुठे आहे ते वाचकाने समजून घ्यावं.)

पाणी उकळून गार केलेलं घ्या. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा असते. ती तापल्यावर सुटते आणि बॉयलरमध्ये साठत जाते. वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं, हवेचं होत नाही. ती आत उशीसारखी दबत-फुगत राहते आणि ठोका मरतो. बोरिंगच्या पाण्याने तर क्षारही धरतात. क्षार धरले असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात भरून अर्धा तास ठेवा आणि तीन-चार वेळा धुवा. त्याहून जास्त वेळ नको, पत्रा खाल्ला जातो.

हे करूनही बंद पडली तर गळती शोधा. बॉयलर पाण्यात बुडवा, एक नळी बोटाने बंद करा, दुसरीतून सिरिंजने हवा हळू दाबा. बुडबुडे जिथून येतील तिथे खूण करा. बहुतेक वेळा नळी जिथे बॉयलरला मिळते तो सांधा सापडतो. मात्र जोरात दाबू नका, वरचा पातळ पत्रा कायमचा फुगला तर आवाज गेला.

वाफाळ

खटपट्यांना +१. मोठ्या ज्योतीचं का फसलं ते सांगतो.

वाफ मागून सुटते आणि बोट पुढे जाते, असं बऱ्याच जणांना वाटतं. चांगल्या चाललेल्या बोटीतून वाफ बाहेर येतच नाही. बॉयलरमधलं थोडं पाणी उकळतं, वाफ नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते. ते पाणी वेगात असल्याने जरा जास्तच मागे जातं. वाफ नळीच्या गार भागात पोचून आटते, आतला दाब पडतो आणि पाणी पुन्हा आत ओढलं जातं. ते तापलेल्या बॉयलरपर्यंत आलं की पुढचा ठोका. सेकंदाला असे कितीतरी ठोके पडतात.

मग जितकं पाणी बाहेर तितकंच आत, तरी बोट पुढे का जाते? मेणबत्ती फुंकर मारून विझते, श्वास आत ओढून विझत नाही, तसंच. बाहेर जाणारं पाणी एका दिशेने धारेसारखं जातं, आत येणारं नळीच्या तोंडाच्या चहूबाजूंनी येतं. म्हणून नळ्या सरळ मागे रोखलेल्या हव्यात आणि तोंडं पाण्याखाली निदान एक सेंमी हवीत. खेळणं जुनं झालं की नळ्या खाली वाकतात, मग धार तळाकडे जाते आणि बोट जागेवर नुसती थरथरते.

ज्योत मोठी केली की नळ्याही तापतात. वाफेला आटायला गार जागा उरत नाही, ती तोंडातून निसटते. तुमचे बुडबुडे हवेचे असतील किंवा या वाफेचे. पंधरा-वीस सेकंदांनी पहिला ठोका पडेल इतकीच आच पुरे. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्तीचा दीड सेंमी तुकडा घ्या, ज्योतीचं टोक बॉयलरच्या बुडाला जेमतेम लागू दे.

नळ्या दोन असायचं कारण फक्त भरण्याची सोय. एकातून पाणी, दुसरीतून हवा. चालायला एक पुरते.

नाना_संग्राहक

तेलाबद्दल : या बोटींबरोबर दांडीची छोटी पत्र्याची पळी यायची. त्यात कापसाची वात आणि शेंगदाण्याचं किंवा कोणतंही खाद्यतेल. तुपातली फुलवात सगळ्यात चांगली, थिजलेलं तूप हेलकाव्याने लगेच सांडत नाही. रॉकेल आणि स्पिरिट अजिबात नको. रॉकेल पाण्यावर तरंगतं आणि सांडलं तर परातीभर पेट घेतं. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतही नाही.

बुडाची काजळी प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसा, थर साचला की आच लागत नाही.

रंगवू नका. छापील पत्र्याची किंमत त्या छापातच आहे, उडालेला चालतो. वरून ऑइलपेंट मारला की ती कुणाचीच राहत नाही. गंज थांबवायला मऊ कापडाने मशीनचं तेल अगदी पातळ लावा. सँडपेपर तर मुळीच नको. जुन्या रंगात आणि सांध्यांत शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासात जाते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, ही बोट त्याआधीची. लहान मुलांना बघू द्या, तोंडात घालू देऊ नका. खेळून झाल्यावर तुम्हीही हात धुवा.

खटपट्या

नाना, सांधा गळत असेल तर तेवढ्या जागेपुरतं घासावंच लागेल. ओलं करून घासा म्हणजे धूळ उडणार नाही. सोल्डर (सांधा जोडायचा शिसं-कथिलाचा डाख) गंजक्या पत्र्यावर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. आणि २५ वॅटची रेडिओवाली सोल्डरिंगची इस्त्री इथे कामाची नाही, बॉयलरचा पत्रा सगळी आच खाऊन टाकतो. ६० वॅटची घ्या, आतलं पाणी पूर्ण काढा. थेंबभर राहिलं तरी सांधा तापत नाही.

एक लक्षात ठेवा : ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर १८३ ते १९० अंशांदरम्यान वितळतं. आत पाणी आहे तोवर बॉयलर शंभराच्या फार वर जात नाही, सांधा सुरक्षित. कोरड्या बॉयलरखाली मेणबत्ती ठेवली की सांधे सुटतात. आवाज थांबला की ज्योत लगेच काढा, “होईल सुरू” म्हणून थांबू नका.

वाफाळ

चौथा प्रश्न. तीन प्रकार आहेत. थॉमस पिओने १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटला दिलेल्या बोटीत साधा छोटा बॉयलर होता. पातळ पडद्याचा (म्हणजे टिकटिक वाजणाऱ्या वरच्या पत्र्याचा) बॉयलर अमेरिकेतल्या चार्ल्स मॅकह्यूचा, अर्ज १९१५ चा. तुमची बोट या दुसऱ्या जातीची. तिसरा, बनवायला सोपा प्रकार म्हणजे तांब्याच्या नळीचं वेटोळं, पण ते जवळजवळ मुकं असतं. तुम्हाला आवाज हवा, म्हणून पडद्याचंच बनवा.

शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा कापून सपाट करा, त्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी, पडद्याला अगदी योग्य. ६ × १२ सेंमीचा तुकडा मधोमध दुमडून ६ × ६ करा. आतल्या बाजूला पारदर्शक लेप असतो. कडांना १ सेंमीपर्यंत तो घासून काढा, नाहीतर इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून लावायचा डिंक) सालपटासारखी सुटते. दोन्ही बाजूंच्या कडा इपॉक्सी लावून ५ मिमीची घडी, त्यावर आणखी एक घडी. चार सेंमी रुंद पाकीट उरतं. उघड्या तोंडातून दोन नळ्या दोन सेंमी आत सरकवा आणि तोंड भरपूर इपॉक्सीने बंद करा. पाच मिनिटांत सुकणारी नको, ती उष्णतेने मऊ पडते. दोन ट्यूबांची सावकाश सुकणारी घ्या आणि चोवीस तास हात लावू नका.

नळ्यांसाठी पूर्वी स्ट्रॉ वापरत. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, कागदी भिजून बसतात. जुन्या ट्रान्झिस्टरच्या अँटेनाचे ४ मिमीचे तुकडे, प्रत्येकी १० सेंमी, हा उत्तम पर्याय. चिकटवायच्या भागावरचा चकचकीत मुलामा घासून घ्या.

ज्योत नळ्यांपासून लांबच्या टोकाखाली येईल असं पाकीट थोडं तिरकं बसवा, नळ्यांकडची बाजू खाली. बोटीसाठी टेट्रापॅक लांबीत अर्धा कापला की झालं, फक्त ज्योतीच्या आसपास ॲल्युमिनियम फॉइल लावा. थर्माकोल नको, पेटतो.

जुनापत्रा

सिरिंजने भरल्यावर गळती सापडली, डाव्या नळीच्या मुळाशी. सोल्डर करून आता चालते, पण सतत डावीकडेच वळते. सुकाणू नाहीये.

खटपट्या

डाव्या नळीत सोल्डर शिरून ती अरुंद झाली असेल. धार उजवीकडून जास्त आली की बोट डावीकडे वळणारच. बारीक तार घालून बघा, अडत असेल तर तिथेच आहे. नळी मोकळी होत नसेल तर उजवीचं तोंड एखादा मिलिमीटर चिमटीने दाबा. आणि बोट फक्त परातीतच सोडणार असाल तर काहीच करू नका, गोल फिरते तेच बरं, नाहीतर दर दोन सेकंदांनी काठावर आपटेल.