व्हिंटेज शॅम्पेन फार गार करू नका

एकाने दोन गोष्टी विचारल्यात: बोलँजेची २००८ ची 'ला ग्रांद आने' ही व्हिंटेज (म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची) शॅम्पेन किती गार करायची, आणि फ्लूटमध्येच, म्हणजे उंच अरुंद ग्लासातच, ओतायची का. पहिल्याला उत्तर: १० ते १२ अंश. दुसऱ्याला: नाही.

बोलँजे हे फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या आय गावातलं, १८२९ सालचं शॅम्पेन बनवणारं घराणं. या वाइनचा रस ओकच्या जुन्या पिंपांत आंबतो, मग ती बाटलीत पत्र्याच्या झाकणाऐवजी खऱ्या बुचाखाली मुरते. व्हिंटेज शॅम्पेन किमान ३ वर्षं मुरवायचा नियम आहे, ही त्याच्या दुपटीहून जास्त मुरते. एवढी मेहनत बर्फाच्या बादलीत बुडवून कशाला घालवायची? अतिगार झाली की नुसता आंबटपणा जिभेवर येतो. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा घ्या, नाहीतर साधा व्हाइट वाइनचा. अर्ध्याहून कमी भरा. मी प्यायलो तेव्हा पहिल्या घोटाला हिरवं सफरचंद आणि लिंबाची साल एवढंच जाणवलं. अर्ध्या तासाने त्याच ग्लासातून लोण्यात भाजलेल्या पावाचा, अक्रोडाचा वास येऊ लागला. तो क्षण चुकवू नका, घाईने संपवू नका.

उघडताना मात्र जपून, आत बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट दाब असतो. तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून बाटलीच फिरवा. हलका सुस्कारा यायला हवा, फटाका नको.

सोबत जुनं काँते (फ्रान्सचं कडक) चीज किंवा साधी रोस्ट कोंबडी. गोड केक अजिबात नको, त्यापुढे ती कडवट लागते.