थंडीच्या प्लांटची उष्णता आकाशात का सोडायची?

मडगावचा मेकॅनिक
वीस वर्षं अमोनियावर चालणाऱ्या थंडीच्या प्लांटवर काढली. दूध असो वा मासळी, जिथे गेलो तिथे हेच पाहिलं: भिंतीच्या एका बाजूला कूलिंग टॉवर उष्णता हवेत सोडतोय आणि दुसऱ्या बाजूला फर्नेस ऑइल जाळून पाणी तापवणं चाललंय. १०० किलोवॉटचा कॉम्प्रेसर ३०० किलोवॉट थंडी करत असेल, तर कंडेन्सरवाटे (जिथे तापलेला अमोनिया निवून पातळ होतो) ४०० किलोवॉट उष्णता बाहेर जाते. ३५-४० अंशांची म्हणून तिला कोणी विचारत नाही. हीट पंप तीच उचलून ८० अंशांवर नेतो, एका युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता देतो. किलोभर फर्नेस ऑइलमधली जेमतेम ८ युनिट उष्णता नळापर्यंत पोचते. तेवढ्याला पंपाला सव्वादोन युनिट वीज पुरते! क्रेट, कॅन, पाइपलाइन धुवायला ८० अंश रग्गड झाले.

बॉयलरवाला, कुंकळ्ळी
दादा, आमचा रिटॉर्ट, म्हणजे बंद डबे जंतुमुक्त करायचं दाबाचं भांडं, १२१ अंशांवर चालतो. डबाबंद मासळीत त्याला तडजोड नाही. म्हणजे बॉयलर राहणारच, मग दोन यंत्रं कशाला सांभाळायची? शिवाय पावसात लाइनवर फांदी पडली की वीज गेली. पंप जनरेटरवर घेतला तर पुन्हा डिझेलच जळणार.

काजूवाली, डिचोली
आमच्याकडे बिया उकडायला, गर सुकवायला टरफलंच जळतात. इंधन घरचं. कर्ज काढून पंप कोण घेईल?

मडगावचा मेकॅनिक
ताई, उकडण्यासाठी टरफलंच ठेवा, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण जुलैत ओल्या हवेत गर सुकवताना किती वेळ जातो ते बघा. हीट पंपाचा ड्रायर हवेतलं पाणी काढतो आणि त्या वाफेची उष्णता पुन्हा गरावर फिरवतो. ६५ अंश त्याला सहज जमतात.

काजूवाली, डिचोली
तरी आमचा माल तेवढा नाही हो. मोठ्यांनी आधी करून दाखवावं.

शिफ्ट इंजिनियर
दोन्ही बाजूंचं अर्धं पटतं. पण पंपाच्या आधी डिसुपरहीटर बसवा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघालेल्या गरम वायूची उष्णता पाण्याला देणारं उपकरण. पिस्टन कॉम्प्रेसरमधून अमोनिया १०० अंशांच्या वर तापून निघतो. त्या उष्णतेवर ५५-६० अंशांचं पाणी मिळतं, वेगळी वीज लागत नाही. मात्र एकूण उष्णतेचा तो लहान वाटा, त्यामुळे उरलेल्यासाठी पंप लागेलच.

मडगावचा मेकॅनिक
हे मान्य, क्रम तोच हवा. कुंकळ्ळीकर, विजेच्या प्रश्नाला जाड इन्सुलेशनची टाकी आहे: वीज असताना भरायची, गेली तरी धुणं अडत नाही. आणि रिटॉर्टच्या बॉयलरला ८० अंशांचं फीड वॉटर (बॉयलरमध्ये भरायचं पाणी) दिलं तर तेल तिथेही वाचतं. आठवडाभर गरम पाण्याच्या मीटरचं रीडिंग शिफ्टवार लिहून ठेवा, मी येऊन हिशेब मांडून देतो.